कधी इलंस, कधी जातलंस

मागच्या बुधवारी बाजारात बांगडे घ्यायला गेलो होतो. श्रावण संपला होता आणि होड्या दर्यात जायला लागून महिना झाला होता, त्यामुळे मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. नेहमीच्या मावशीसमोर उकिडवा बसलो, एका बांगड्याचा गलफडा उघडून पाहिला. आतला रंग लाल होता. वाटा सांगितला, घासाघीस झाली, बांगडे केळीच्या पानावरून पिशवीत गेले. पैसे घेताना तिने मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कधी इलंस?" मी उत्तर द्यायच्या आत पुढचा प्रश्नही आलाच, "कधी जातलंस?"

मी हसलो आणि उठलो. वेंगुर्ल्यात मला सहा वर्षं होत आली. या सहा वर्षांत आठवड्यातून किमान तीनदा मी या बाईकडून मासे घेतलेत. पावसात तिच्या डोक्यावरची प्लास्टिकची ताडपत्री मी धरून उभा राहिलोय. आणि ती मला विचारते, कधी जाणार. घरी आलो, बांगडे धुतले, तिरफळं काढून ठेवली, तरी डोकं तिथेच. पेडव्याचा बारीक काटा हिरडीत अडकला की जीभ सारखी तिथेच जाते, तसं झालं.

आमच्याकडे हे दोन प्रश्न जुळ्या भावंडांसारखे एकत्रच येतात. बाहेरून आलेल्या माणसाला 'कसा आहेस' कुणी विचारत नाही. आला कधी, जाणार कधी, एवढं कळलं की बाकीचं सगळं कळल्यासारखं असतं. मुंबईत राहणाऱ्यांना हे फार लागतं. माझा एक मामेभाऊ म्हणतो, "अरे, अजून बॅग उघडली नाही, तोवर हे हाकलायला लागतात." मलाही मुंबईत असताना तसंच वाटायचं. नंतर आईचं गणित लक्षात आलं. मी घरी आलो की पहिल्या चहाबरोबर ती विचारायची, कधी जाणार, आणि उत्तर आलं की बोटं मोजायला लागायची. रविवारी जाणार म्हणजे सहा दिवस. त्यातला सोमवार गेला, गुरुवार गेला, मधे संकष्टी. उरले तीन. तीन दिवसांत इसवण एकदा, सुंगटांचं कालवण एकदा, आणि तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, मिळाल्या तर त्या. बाकीच्या दिवशी घावणे, खापरोळ्या. तिला जाण्याच्या तारखेत काडीचा रस नव्हता, माशाचे दिवस हवे होते.

तरीही मावशीचा प्रश्न आईच्या प्रश्नासारखा घेता येईना. ती काही मला जेवायला घालणार नव्हती.

या गावात येण्याजाण्याचा हिशेब माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. लहानपणी बंदरावर बोट यायची. बोट म्हणजे मुंबई-गोवा आगबोट. धक्क्याला लागायचीच नाही ती. लांब पाण्यात पहाटे दिवे लावून उभी राहायची, आणि पडाव हलत-डुलत जाऊन माणसं उतरवून आणायचे. 'कोकण सेवक' हे नाव मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकलो ते तिच्या अंगावर. पडावातून उतरणाऱ्या माणसांच्या कपड्यांना डिझेलचा, ओकारीचा आणि मुंबईच्या अत्तराचा असा एक मिश्र वास यायचा. अजून कुठे डिझेलचा जनरेटर सुरू झाला की मला पोटात काहीतरी गोड होतं. कारण त्या माणसांत वर्षातून एकदा, मे महिन्यात, बाबा असायचे. लालबागला गिरणीत होते. गाववाल्यांच्या खोलीत सोळा जणांबरोबर राहायचे, खानावळीत जेवायचे. पडावातून उतरून त्यांनी मला उचललं की मी म्हणे पहिलं वाक्य हेच बोलायचो, "बाबा, कधी जाणार?" आई हे हसत हसत सगळ्यांना सांगायची. बाबा हसायचे नाहीत, असं मला आठवतं. पण ही आठवण कदाचित मी नंतर तयार केलेली असेल.

मग 1982 सालच्या फेब्रुवारीत बाबा मे महिन्याच्या आधीच आले. बोटीने नाही, एसटीने. 18 जानेवारीला गिरण्या बंद झाल्या होत्या, अडीच लाख माणसं घरी बसली होती, आणि त्यातले कितीतरी जण कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतले होते. आमच्या वाडीत एकदम पाच-सहा पुरुष दिसायला लागले. मला अकरावं चालू होतं आणि आनंद असा की विचारू नका. शिमग्याला बाबा घरी! एवढे पुरुष एका वेळी वाडीत मी गणपतीतसुद्धा पाहिले नव्हते. होळीला सुरमाडाचं झाड आणताना खांदे कमी पडले नाहीत. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "कधी इलंस? कधी जातलंस?" आणि बाबा सांगायचे, "संप मिटलो की जातंय."

संप मिटला नाही. मागे घेतला असं कुणी कधी जाहीरही केलं नाही. गिरण्यांची धुराडी बंद झाली, काही ठिकाणी पुढे मॉल उभे राहिले, आणि माझे बाबा आमच्या मागच्या परसात काजूची कलमं लावत राहिले. पहिलं वर्ष-दोन वर्षं 'संप मिटलो की जातंय' हे उत्तर खरं होतं. नंतर ते सवयीचं झालं. त्यानंतर कधीतरी ते विनोदाचं झालं, आणि नेमकं कधी झालं ते मला पकडता आलेलं नाही. 1995 च्या सुमाराला कुणी त्यांना विचारलं की ते चेहरा अजिबात न हलवता तेच सांगायचे आणि समोरचा माणूस खो खो हसायचा. एव्हाना त्यांना गावात राहून तेरा वर्षं झाली होती. ग्रामदेवतेच्या जत्रेला रात्रभर दशावतार बघायला पहिल्या रांगेत त्यांची घोंगडी असायची. तरी विचारणारे विचारायचे. त्यांचं नाव मागे कुणी घेतलं तरी 'मुंबयवालो' असंच घ्यायचे.

आता मी इथे राहतो, त्यांच्याच खोलीत झोपतो. 2019 च्या डिसेंबरात नोकरी सोडली, डोंबिवलीचं घर भाड्याने दिलं आणि आलो. मित्र फोनवर विचारतात, "मजा आहे बुवा, रोज समुद्र." रोज समुद्र! आठ-आठ दिवस मी समुद्राचं तोंड बघत नाही. इथल्या माणसाला समुद्र दिसतो तो घरातल्या वस्तूंतून. पंख्याच्या पात्यावर, बिजागऱ्यांवर, सायकलच्या साखळीवर, फोनच्या चार्जिंगच्या भोकात. खिळा ठोकला की दोन पावसाळ्यांत त्याचा तांबडा ओघळ भिंतीवर उतरतो. स्टेनलेस स्टील म्हणून घेतलेल्या गॅसच्या शेगडीवर पहिल्याच वर्षी चट्टे उठले. मिठाची बरणी जूनमध्ये उघडली की आत पाणी, आगपेटी ओढली की गुल निघून येतो. टीव्ही दुरुस्त करणारा आमच्याकडे डॉक्टरपेक्षा श्रीमंत आहे. आणि आवाज. मे महिन्यात समुद्र आहे की नाही ते कळत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र गाज सुरू होते ती थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. पहिले दोन-तीन दिवस झोप लागत नाही. मग ती कानात मुरते. एखाद्या रात्री वारा फिरून आवाज खाली बसला की दचकून जाग येते.

भरती-ओहोटी बघायलाही समुद्रावर जावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. पुनवेला सव्वाअकराच्या सुमाराला उधाणाची भरती, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी पार आत गेलेलं. आई त्या वेळेला मांडवीच्या खाडीत तिसऱ्या काढायला जायची. अष्टमीला जायची नाही, भांगाला पाणी धड वर चढत नाही आणि धड उतरत नाही. चौथी पास बाई, पण पाऊणकीचा पाढा तिला कुणी झोपेतून उठवून विचारला तरी आला असता. मी मोबाइलवर तक्ता बघतो. एकदा मुद्दाम ताडून पाहिलं, आईचं गणित वीसेक मिनिटांनी चुकत होतं. वीस मिनिटांत काय मोठं, तिसऱ्या काही पळून जात नाहीत.

छोट्या गावाचं म्हणून जे काही सांगतात, सगळे सगळ्यांना ओळखतात वगैरे, ते खरं आहे, पण लोक सांगतात तेवढं गोड नाही. मी औषधाच्या दुकानात रक्तदाबाची गोळी पहिल्यांदा घेतली त्या संध्याकाळी तिघांनी मला मीठ कमी करायला सांगितलं. एकाने तर लोणच्याची बरणी परत नेली. माझ्याकडे कोण आलं, गाडीचा नंबर कुठला, किती दिवस राहिलं, हे मला विसरायला होतं, समोरच्या घराला होत नाही. रात्री अॅम्ब्युलन्सचा आवाज आला की पाच मिनिटांत कळतं कोणाला नेलं, आणि ती गोव्याच्या रस्त्याला, बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलकडे, लागली की सगळी वाडी जागी राहते. तिथवर पोहोचेपर्यंतचा तो जो तास-दीड तास असतो, तो मुंबईच्या कुठल्याही मित्राला समजावून सांगता आलेला नाही. त्या तासासाठी मी कधीकधी स्वतःला मूर्ख म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले की त्यांना मोठ्या अभिमानाने नगरपालिकेचा कचरा डेपो दाखवायला नेतो. हसू नका, बघण्यासारखा आहे. 1876 सालची नगरपालिका आमची. डचांची वखार पडली, तिची डागडुजी नीट झाली नाही, पण ओला-सुका कचरा इथे असा वेगळा होतो की घाण वास म्हणून येत नाही. पाहुणे नाक दाबून आत जातात आणि सोडून बाहेर येतात. मग ते म्हणतात, चला आता झुलत्या पुलावर फोटो काढू.

आमच्या पडवीत एक फळी आहे, तिला सात खिळे आणि सात खिळ्यांना किल्ल्या. सहा किल्ल्या वाडीतल्या बंद घरांच्या. सातवी आमच्याच जुन्या पेटीची, जिचं कुलूप हरवलंय. बाबा ही घरं सांभाळायचे, माझ्याकडे ते काम न विचारता आलं. दर अमावास्येला खोबरेलाची वाटी आणि कोंबड्याचं पीस घेऊन निघायचं, प्रत्येक कुलपात तेल सोडायचं, किल्ली दोनदा फिरवायची, दार उघडून पाच मिनिटं वारा आत घ्यायचा. तेल घातलं नाही तर खाऱ्या वाऱ्याने कुलूप असं धरतं की ऐन गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, सामानासकट पोरंबाळं दारात उभी आणि आत जाता येत नाही. एकदा तसं झालंय, तेव्हापासून बाबांनी अमावास्या पाळली. बंद घराला एक वास असतो. शेणाच्या जमिनीचा, उंदरांचा, भिजलेल्या कॅलेंडरचा. एका घरात अजून 2009 चं कॅलेंडर आहे, नोव्हेंबरच्या पानावर थांबलेलं. त्याच महिन्यात फयान वादळ येऊन गेलं होतं, म्हातारी बाई घाबरली आणि मुलगा तिला मुंबईला घेऊन गेला. मी ते पान फाडत नाही. का, ते मला विचारू नका.

माझ्या फळीवरची सहा घरं म्हणजे फार काही नाही. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात 8,68,825 माणसं होती, 2011 ला 8,49,651. देशभर माणसं वाढत होती आणि आमच्याकडे एकोणीस हजार कमी झाली. हजार पुरुषांमागे बायका 1036. कुणी याला कौतुकाने बायकांचा जिल्हा म्हणतं. मला त्या वरच्या छत्तीस बायका माहीत आहेत, त्यांचे नवरे कुठे आहेत तेही माहीत आहे. कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता पोरं गावात राहतील. ती कुडाळला गाडीत बसायला लागली, एवढंच. 2021 च्या ऑक्टोबरात आमच्याच तालुक्यात चिपीला विमानतळ सुरू झाला, तेव्हा मीही कुंपणापाशी उभा राहून विमान बघितलं. बोट, रेल्वे, विमान. राहण्यासाठी असं नवीन काही कुणी बांधलेलं मला आठवत नाही.

गणपतीत मात्र सहाही किल्ल्या फळीवरून जातात. तेवढे दिवस वाडीत झोप नसते, भजनाच्या डबलबारीने कान किटतात, विहिरीचं पाणी गढूळ होतं, आणि मी मनातल्या मनात म्हणतो, कधी एकदा जातायत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किल्ल्या परत येतात, फळी भरते. दुपारी इतकं शांत होतं की सुपारी पडलेली ऐकू येते. मग मी विनाकारण बाजारात एक चक्कर मारून येतो.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मी इथे होतो. रविवार होता. सकाळपासून वाऱ्याचा आवाज गाजेत मिसळून गेला होता, कुठला कुणाचा ते कळत नव्हतं. दुपारपर्यंत आमच्या परसातले दोन माड गेले. बाबांच्या काजूंपैकी एक मुळासकट आडवा. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही, फोन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा किल्ल्या खिशात टाकून निघालो. तीन घरांची कौलं उडाली होती, 2009 च्या कॅलेंडरवर पाणी आलं होतं पण ते भिंतीला चिकटून होतं. कुणाकडची ताडपत्री, कुणाकडची सुंभाची दोरी, वाडीत उरलेले आम्ही आठ-नऊ जण चार दिवस छपरांवर चढत होतो. त्यातला मीच सगळ्यात लहान, पन्नास वर्षांचा. ज्या दिवशी रेंज आली, त्या दिवशी सहा घरांना फोटो पाठवले. त्या चार दिवसांत मला कुणीही विचारलं नाही, कधी इलंस आणि कधी जातलंस. मावशीनेही नाही. तिच्या मुलाची होडी धक्क्यावर आपटून फुटली होती, आणि ती ओट्यावर बसून नुसती पाण्याकडे बघत होती. मी शेजारी बसलो. काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा मी धरून चाललो होतो की आता झालं. आपण इथले झालो.

गेल्या हिवाळ्यात एकदा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, हात लावला. सकाळी किनाऱ्यावर चालत होतो, रापण ओढायला माणसं कमी होती. दोन टोकांना मिळून पंधराएक, तीही बहुतेक साठीच्या पुढची. मी चपला काढल्या आणि दोर धरला. रापणीचा दोर ओढायला ताकदीपेक्षा कंबर लागते, पाय वाळूत रुतवून मागे रेलायचं आणि एक एक पाऊल उलट चालायचं. शेवटच्या माणसाने आपला दोर वेटोळ्यात घालून पुन्हा पुढे पाण्यापाशी जायचं. तास-सव्वा तास. तळहाताची साल निघाली. खोळ किनाऱ्याला लागली तेव्हा आत एक-दीड टोपली पेडवे, थोडे सौंदाळे, चार खेकडे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि जेलीफिश. एवढंच. पूर्वी एका रापणीत होडी भरायची, असं जो तो सांगतो. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठी जाळी टाकणाऱ्या यांत्रिक बोटींनी घालवलं, असंही जो तो सांगतो. सरकारने 2016 साली पर्ससीनवर बंधनं घातली. रात्री आमच्या गच्चीवरून क्षितिजावर दिव्यांची जी ओळ दिसते, ती मोजून मी गप्प राहतो. त्या दिवशी वाटे घालताना तांडेलाने कालवणापुरते पेडवे माझ्या टोपीत टाकले. बाजूचा म्हातारा म्हणाला, "बरो ओढतंस रे. सुटी किती दिस?"

मी घरी येऊन ते पेडवे तळले आणि खाताना मला हसू आलं, ते काही खरं हसू नव्हतं.

हे सगळं त्या बुधवारी रात्री आठवत बसलो. आणि मग बाबांचं आठवलं. तेरा वर्षं, वीस वर्षं लोक त्यांना हे विचारत राहिले, आणि मी कॉलेजात असताना त्यांच्यावर एकदा चिडलोही होतो, "तुम्ही सरळ सांगत का नाही, मी जाणार नाही म्हणून?" ते म्हणाले होते, "कित्याक? त्येंका विचारूंक दी की." एवढंच. मला वाटलं होतं, त्यांना लाज वाटते. आता त्यांच्या त्या बोलण्याकडे मी नीट बघतो तेव्हा वाटतं, लाज थोडी असेलही. पण त्यापेक्षा त्यांना कुठेतरी ते दार किलकिलं हवं असावं. गिरणी सुरू होईल, भोंगा वाजेल, खोलीतली सोळा माणसं परत जमतील. नाही जमणार हे ठाऊक असलेल्या माणसालाही रोज कुणीतरी 'कधी जातलंस' विचारलेलं बरं वाटत असेल. डोंबिवलीचं घर मी भाड्याने दिलंय, विकलेलं नाही. अकरा महिन्यांचा करार दर वर्षी नवा करतो. हे मावशीला माहीत असायचं कारण नाही.

आज शनिवार. सकाळी परत बाजारात गेलो. तिच्याकडे आज सुंगटं होती, बारीक पण ताजी, मिशा ताठ. शेजारी तिची नवी सून बसली होती, विशीतली, डोक्यावर ओढणी आणि कानात इअरफोन. मी वाटा उचलला. मावशीने मान वर केली आणि तोंड उघडलं. या वेळी मी तिला विचारू दिलं.

"कधी जातलंस?"

"संप मिटलो की," मी म्हटलं.

तिचा हात पिशवीवर थांबला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे, केस मागे गेलेत तिथे. सुनेने कानातला इअरफोन काढला आणि विचारलं, "खंयचो संप?" मावशीने तिला उत्तर दिलं नाही. टोपलीतली मूठभर सुंगटं उचलून तिने माझ्या पिशवीत वर टाकली, हात पदराला पुसला आणि माझ्या हातातली पाचशेची नोट मागे सारली.

"सुटे दी," ती म्हणाली. "नाय तर फाल्या दी."